पुस्तकाचं नाव नंतर, आधी काम सांगा

(बडोद्यातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालेल्या बाई या सदरात विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आदरणीय बाई, मी एस.वाय. बी.ए.ला आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. म्हणून मी प्रकल्पासाठी ‘बडोद्याचं पाणी’ हा विषय घेतला. लायब्ररीत जाऊन ‘बडोद्याच्या पाण्यावरचं पुस्तक द्या’ म्हटलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, ‘असं पुस्तक नाही.’ कॉम्प्युटरवर स्वतः शोधलं, तिथेही शून्य. सर म्हणतात, नुसतं नेटवरचं उतरवलेलं चालणार नाही. घरात याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला तेही कळत नाही. विषय बदलू का?

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. तुझ्या घरात शिरलेलं पाणी आहे ते, त्याच्याइतका चांगला विषय तुला दुसरा मिळणार नाही.

काउंटरवरचा माणूस खोटं बोलला नाही. ‘बडोद्याचं पाणी’ या नावाचं पुस्तक त्याच्याकडे नसेल. पण मजकूर आहे, आणि तो एका जागी नाही, निदान चार जागी आहे. हे असं का, ते एकदा समजून घे, म्हणजे पुढची सगळी वर्षं कामाला येईल.

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लावलेली असतात. ही पद्धत १८७६ पासूनची आहे. तिच्यात पुस्तक कोणत्या वस्तूबद्दल आहे यापेक्षा ते कोणत्या शास्त्राच्या अंगाने लिहिलंय हे आधी बघतात. पाणी एकच, पण नळ, पंप आणि गाळणी यांबद्दल इंजिनियरने लिहिलं तर ते पुस्तक ६२८.१ वर जातं. नगरपालिका लोकांना पाणी कसं पुरवते, ही सार्वजनिक सेवा म्हणून मांडणी असेल तर ३६३.६१. पाण्याकडे साधनसंपत्ती म्हणून पाहिलं असेल, त्याचा वाटा कुणाला, हक्क कुणाचा, तर ३३३.९१. आणि गुजरातच्या इतिहासात बडोद्याच्या तलावांची हकीकत आली असेल तर ते पुस्तक ९५४.७५ पाशी उभं असणार. म्हणजे तुझा प्रकल्प या चार रॅकांमध्ये विभागून ठेवलेला आहे. पुस्तकाच्या पाठीवर खाली जी चिठ्ठी चिकटवलेली असते ना, वर आकडा आणि खाली लेखकाच्या नावाची दोन-तीन अक्षरं, त्याला बोधांक म्हणतात. तो पुस्तकाचा पत्ता आहे. एक पुस्तक पत्त्यावर सापडलं की लगेच ते काढून चालू लागू नकोस. त्याच्या डावी-उजवीकडची दहा-दहा पुस्तकं बघ. शेजारी त्याच विषयाचेच असतात, आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, जे सुचलं नसतं ते तिथे हाताला लागतं. (दुसऱ्या ग्रंथालयात गेलीस तर त्याच पुस्तकाचा आकडा वेगळा असू शकतो, गोंधळू नकोस. बडोद्याच्या जुन्या संग्रहासाठी तर वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली होती, तिच्याबद्दल पुढे सांगते.)

आता कॉम्प्युटरवरचं शून्य. तू कोणता शब्द टाकलास ते लिहिलं नाहीस, पण बहुधा ‘वडोदरा वॉटर’ टाकलं असणार. या शहराचं सरकारी नाव वडोदरा झालं १९७४ मध्ये. त्याआधीच्या इंग्रजी पुस्तकात ते तुला ‘बरोडा’ म्हणूनच सापडेल. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत कुणी ‘ए’नंतर ‘ई’ घालून लिहितं, कुणी ‘आय’, आणि जुन्या पुस्तकांत शेवटी ‘डी’च्या जागी ‘आर’ असतो. यंत्राला हे तिन्ही एकच आहेत हे कळत नाही. तिन्ही टाकून बघावे लागतात. शहराला ज्या तलावाचं पाणी १८९२ पासून मिळू लागलं तो आजवा, त्यालाच सयाजी सरोवर म्हणतात. दोन्ही नावांनी शोध. मराठी-गुजराती पुस्तकं काही ठिकाणी रोमन अक्षरांत नोंदवलेली असतात, तेव्हा ‘पाणी’ हा शब्द रोमनमध्ये एका ‘आय’ने आणि दोन ‘ई’नेही टाकून बघ. आणि पूर, तलाव, जलव्यवस्था, नगरपालिका असे एकेक शब्द टाक. लांब वाक्य टाकलं की यंत्र गप्प बसतं.

पुस्तकांपलीकडेही बघ. संदर्भ विभागात ‘बडोदे राज्याचं गॅझेटियर’, म्हणजे राज्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, माग. गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांनी केलेलं, १९२३ चं, दोन खंड. घरी मिळणार नाही, तिथेच बसून वाचावं लागेल. आधी अनुक्रमणिका बघायची, मग शेवटची निर्देश सूची (कोणता विषय कोणत्या पानावर ते सांगणारी), मग पान उघडायचं. पहिल्या पानापासून वाचायला बसलीस तर दुपार जाईल. बडोदे राज्याचे वार्षिक प्रशासन अहवाल माग. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड माग. जुन्या पुराच्या बातम्या तुला तिथे, त्या त्या दिवशीच्या शब्दांत मिळतील. मला विचारशील तर तुझ्या प्रकल्पाचा जीव तिथे आहे.

पण हे सगळं तुला एकटीने शोधायचं नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगू नकोस, काम सांग. असं म्हण : ‘मी एस.वाय.ला आहे. वीस पानांचा प्रकल्प आहे. बडोद्याला पाणी कुठून येतं आणि पूर का येतो, हे शोधते आहे. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही वाचते. पंधरा दिवस आहेत.’ एवढं कळलं की ग्रंथपालाला तुझ्यासाठी काय काढायचं आणि काय नाही, हे दोन्ही समजतं. आणि हे काउंटरवर, देवघेवीच्या गर्दीत विचारू नकोस. तिथला माणूस पुस्तकं देण्या-घेण्याच्या कामात असतो. आत ग्रंथपालांच्या टेबलाशी जा, किंवा संदर्भ विभागात.

माझ्याकडे एकदा इतिहासाची विद्यार्थिनी आली होती. तिने चिठ्ठीवर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, ‘वेल्स’. काउंटरवर नवीन लागलेल्या मुलाने मन लावून शोधून एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराची तीन पुस्तकं तिच्यापुढे ठेवली. तिला हव्या होत्या विहिरी. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहून आली होती ती, आणि गुजरातच्या वावांवर लिहायला घेतलं होतं. पुस्तकं घेऊन ती निमूटपणे टेबलाशी बसली, पंधरा मिनिटांनी परत ठेवायला निघाली, तेव्हा मी विचारलं म्हणून कळलं. चूक तिचीही नव्हती, मुलाचीही नव्हती. त्या चिठ्ठीत जागाच तेवढी होती. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : ‘कशासाठी हवं?’

मी स्वतः विद्यार्थिनी होते तेव्हा एका लायब्ररीत कपाटांना कुलपं असत. ‘पुस्तकाचं नाव?’ एवढंच विचारलं जाई. नाव माहीत नसलं की परत फिरायचं. मी तीनदा परत फिरले होते. चौथ्यांदा वडील मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले. तिथल्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे. जाड, धुरकट काच, खालच्या मजल्याचा उजेड तिच्यातून वर येतो. मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, ‘काय शोधतेस?’ मी म्हटलं, ‘नाव माहीत नाही.’ ते म्हणाले, ‘नाव राहू दे, कशाबद्दल हवंय?’ मी पुढे एकतीस वर्षं ज्या कामात राहिले, त्याची सुरुवात त्या प्रश्नाने झाली.

तू लिहितेस, घरात याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नाही. मग तर हे ग्रंथालय तुझ्यासाठीच आहे, असं मी इतिहासाच्या आधाराने सांगते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग दिसलं की शाळा सुटली, वाचायला काही नसलं, की शिकलेली अक्षरं पुसली जातात. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. ते १९१३ पर्यंत इथे होते. जुन्या संग्रहाची ती वेगळी वर्गीकरण पद्धत त्यांचीच. त्यांच्या काळात ग्रंथपालांसाठी शिकवणीचा वर्ग निघाला, गावोगावी लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, त्यांच्यासाठी ही सगळी खटपट होती.

आणि विचारताना आपण कुणाला त्रास देतोय असं वाटू देऊ नकोस. आपल्या देशातले थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो नियम आमच्यासाठी आहे, ग्रंथपालांसाठी. तू विचारलं नाहीस तर आम्ही तो पाळणार कसा?

प्रश्न : बाई, मी टी.वाय. बी.कॉम.ला आहे. पुरात घरातल्या सामानाबरोबर लायब्ररीची दोन पुस्तकंही भिजली. गच्चीवर उन्हात वाळवली, पण ती फुगून वाकडी झाली, एकाची रंगीत चित्रांची पानं तर चिकटून वीटच झाली. दंड किती होईल या भीतीने मी तेव्हापासून लायब्ररीत गेलोच नाही. आता नो-ड्यूज सर्टिफिकेट लागणार. घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : बाळा, उद्याच जा. पुस्तकं आहेत तशी पिशवीत घाल आणि ने. एक पान गेलं असलं तरी उरलेलं ने, कारण आत शिक्क्याजवळ दाखल क्रमांक असतो, आणि ग्रंथालयाच्या नोंदीत तुझं नाव त्या क्रमांकाशी बांधलेलं आहे. पुस्तक समोर आलं की ‘हरवलं’ आणि ‘खराब झालं’ यातला फरक नोंदवता येतो.

सोबत एक साधा अर्ज ने. पुराची तारीख, घराचा पत्ता, पुस्तकांची नावं आणि ‘दंडात सवलत मिळावी ही विनंती.’ पुराच्या वेळचे घराचे फोटो असतील तर जोड. बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यायची, किंवा किंमत भरायची. ती आवृत्ती बाजारात नसेल तर नवी आवृत्ती चालेल का, ते विचारून मगच विकत घे. उशिराचा दंड माफ करायचा की नाही हे काउंटरवरच्या माणसाच्या हातात नसतं. ते ग्रंथालय समिती किंवा प्राचार्य ठरवतात. म्हणून तोंडी बोलणं पुरत नाही, कागद लागतो. अर्जाची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेव. आणि जाण्याआधी आज रात्री घरी सांग. पुरात अख्खं घर भिजलेलं त्यांनी पाहिलंय, दोन पुस्तकं भिजली म्हणून ते रागावतील असं मला वाटत नाही.

मला वाईट वाटतं ते पुस्तकांपेक्षा तू त्यानंतर लायब्ररीत पाऊलच टाकलं नाहीस याचं. बी.कॉम.ची जाडजूड पुस्तकं तू कुठून वाचलीस? बहुतेक कॉलेजांत बुक बँक असते, वर्षभरासाठी पाठ्यपुस्तकं मिळतात. तिथूनही तू लांब राहिलास.

आता भिजलेल्या पुस्तकाबद्दल, कारण पाऊस पुन्हा येणारच आहे. कडक उन्हात ठेवायचं नाही. कागद आणि पुठ्ठा वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि पुस्तक पीळ खातं. इस्त्रीही नको. पानं जबरदस्तीने सुटी करायची नाहीत, ओला कागद साईसारखा फाटतो. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी थोडी उलगडायची, आणि खोलीतला पंखा चालू ठेवायचा, पण वारा थेट पुस्तकावर येऊ द्यायचा नाही. दर वीस-पंचवीस पानांमागे कोरा कागद किंवा टिश्यू घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जे काही करायचं ते तेवढ्यात. चकचकीत पानांचं पुस्तक असेल तर ते ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये कागद घालावा लागतो, कारण एकदा सुकलं की पानं कायमची जोडली जातात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचं. गोठलं की बुरशी थांबते, आणि मग सवडीने काम करता येतं. एका पावसाळ्यात आमच्या खालच्या रॅकची चाळीस-एक पुस्तकं मी आणि दोन शिपायांनी वाचनकक्षात अशीच उभी केली होती. रात्री नऊपर्यंत आम्ही कागद बदलत होतो. तीन पुस्तकं गेली, बाकीची आजही रॅकवर आहेत. पाठीवर पाण्याची रेघ दिसते, एवढंच.

प्रश्न : काही पुस्तकांवर ‘संदर्भ’ असा शिक्का असतो आणि ती घरी देत नाहीत. जी सगळ्यांत उपयोगी तीच का अडवून ठेवतात? — एफ.वाय.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : उपयोगी म्हणूनच. शब्दकोश, ज्ञानकोश, गॅझेटियर यांतली दोन पानं बघायची असतात, पण ती दोन पानं रोज वेगवेगळ्या माणसांना हवी असतात. एकाने पंधरा दिवस घरी नेलं तर बाकीच्यांचं काम अडतं. पाठ्यपुस्तकाची एक प्रतही काही ठिकाणी अशीच राखून ठेवतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कुणालाच मिळणार नाही असं होऊ नये म्हणून. हवी ती पानं अभ्यासापुरती झेरॉक्स करून घेता येतात. अख्खं पुस्तक मात्र नाही.

प्रश्न : बाई, मी एम.एस्सी. करतो आहे. प्रबंधिकेसाठी लेख शोधतो, नेटवर सारांश दिसतो आणि पुढे डॉलरमध्ये पैसे मागतात. मित्र टेलिग्रामवरून फाइल काढून देतात. ग्रंथालयात अशा कामाला काही सोय असते का, की ते पुस्तकांपुरतंच?

उत्तर : असते, आणि ती कुणी वापरत नाही याची मला फार चुटपुट लागते, कारण तिचे पैसे आधीच भरलेले आहेत.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली. तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. काम बघतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र. तू सरकारी विद्यापीठात असशील तर कॅम्पसच्या नेटवर्कवर बसून तोच लेख उघडून बघ. जिथे डॉलर मागत होते तिथे बहुधा थेट पीडीएफ उघडेल. घरून वापरायची सोय तुझ्या विद्यापीठात आहे का आणि लॉगिन कसं मिळतं, ते हंसा मेहता लायब्ररीत किंवा तुझ्या विभागाच्या ग्रंथपालांना विचार. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पाच-पाच वर्षं काढून त्या लायब्ररीत फक्त वर्तमानपत्र वाचलेली मुलं मला भेटली आहेत.

दुसरं, शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात, फुकट. तुझ्या विषयाचा एक प्रबंध काढ आणि दुसरं प्रकरण वाच, ज्यात आधी झालेल्या कामाचा आढावा असतो. मग शेवटची संदर्भसूची. एका माणसाने चार-पाच वर्षं घालून जमवलेली यादी तुला एका दुपारी मिळते. उतरवू नकोस, त्या यादीतले लेख स्वतः मिळवून वाच.

टेलिग्रामच्या फाइलींबद्दल मी तुला पोलिसासारखं बोलणार नाही. पण मी अशा फाइलींत मधली पानं गळालेली पाहिली आहेत, जुनी आवृत्ती नव्या मुखपृष्ठाखाली पाहिली आहे. प्रबंधिकेत तू पान क्रमांक देणार आणि परीक्षक मूळ अंक उघडणार, तेव्हा उत्तर तुलाच द्यावं लागेल.

एवढं करूनही लेख नाही मिळाला तर दोन वाटा आहेत. एक, लेखकाला सरळ ईमेल कर. सारांशाच्या पानावर पत्ता असतो. दोन ओळी पुरतात, आणि बरेच लेखक आनंदाने पाठवतात. दोन, आंतरग्रंथालयीन देवघेव. तुझं ग्रंथालय डेलनेटसारख्या, ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून पुस्तक येऊ शकतं, लेखाची स्कॅन प्रत येऊ शकते. त्यासाठी एक फॉर्म असतो, आणि तो अर्धवट भरला म्हणून परत आलेल्या कितीतरी विनंत्या मी पाहिल्या आहेत. लेखकाचं नाव, लेखाचं पूर्ण शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, एवढं सगळं लिही. नियतकालिकाचा आयएसएसएन, म्हणजे त्याचा आठ आकडी ओळख क्रमांक, दिलास तर उत्तमच, एकाच नावाची दोन नियतकालिकं असतात तेव्हा तोच उपयोगी पडतो. प्रत यायला काही दिवस लागतात, तेव्हा फॉर्म या आठवड्यातच भर.